सायकॉलॉजी करताय? मग आरसीआय नंबरचा विचार ॲडमिशनच्या आधीच करा

एम.ए. सायकॉलॉजी झालं, आता क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट अशी पाटी लावू का, असं बरीच मुलं विचारतात. उत्तर नाही असं आहे, आणि ते एम.ए.चा रिझल्ट लागल्यावर कळण्यापेक्षा बी.ए.ला असतानाच कळलेलं बरं. कारण आरसीआयचं रजिस्ट्रेशन, म्हणजे प्रॅक्टिससाठी लागणारा नंबर, मिळणार की नाही हे तुम्ही किती हुशार आहात यावर नाही, तर तुम्ही कुठल्या कोर्सला, कुठल्या संस्थेत आणि कुठल्या वर्षी ॲडमिशन घेतली यावर ठरतं.

मेंटल हेल्थकेअर ॲक्ट २०१७ मध्ये क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट कोणाला म्हणायचं हे सरळ लिहिलंय, रिहॅबिलिटेशन कौन्सिल ऑफ इंडिया म्हणजे आपली आरसीआय, तिने मान्य केलेल्या संस्थेतून मान्य केलेली क्लिनिकलची पात्रता हवी. आणि १९९२ च्या आरसीआय ॲक्टच्या कलम १३ प्रमाणे रजिस्टरमध्ये नाव नसताना प्रॅक्टिस केली तर एक वर्षापर्यंत कैद किंवा एक हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. दंडाचा आकडा छोटा वाटेल, पण खरं नुकसान पेशंटचं होतं. कोणीतरी आई तालुक्यावरून एसटीने पोराला घेऊन येते, दिव्यांग प्रमाणपत्रासाठी आयक्यूचा रिपोर्ट बनवून घेते, पैसे भरते, आणि सिव्हिलमध्ये तो रिपोर्ट चालत नाही कारण सही करणाऱ्याकडे नंबरच नाही. तिचा दिवस गेला, मजुरी गेली, परत पहिल्यापासून सगळं.

आता कोर्स कुठले. वर्षानुवर्षं मुख्य रस्ता होता एम.ए. किंवा एम.एस्सी. ५५ टक्क्यांनी आणि मग दोन वर्षं फुलटाइम एम.फिल. क्लिनिकल सायकॉलॉजी. बंगळुरूचं निमहान्स, रांचीचं सीआयपी म्हणजे सेंट्रल इन्स्टिट्यूट ऑफ सायकिअ‍ॅट्री ही त्यातली जुनी आणि नावाजलेली ठिकाणं. नवीन शैक्षणिक धोरणात एम.फिल. बंद करायचं ठरलं, पण क्लिनिकल सायकॉलॉजी आणि सायकिअ‍ॅट्रिक सोशल वर्क या दोनसाठी यूजीसीने २०२५-२६ च्या ॲडमिशनपर्यंत मुदत वाढवून दिली. त्यामुळे सीनिअर मंडळी "एम.फिल. कर" सांगतील ते त्यांच्या काळाचं आहे, तुमच्या वर्षी काय चालू आहे ते तुम्हीच बघायला हवं. बाकी चार वर्षांचा साय.डी., म्हणजे सायकॉलॉजीतली डॉक्टरेट, आणि एक वर्षाचा प्रोफेशनल डिप्लोमा हेही कोर्स आलेत, त्यातलंही तुमच्या वर्षी काय चालू आहे ते बघा. डिप्लोमाने पूर्ण क्लिनिकल सायकॉलॉजिस्टचा दर्जा मिळत नाही, असोसिएटचा मिळतो, हे फी भरण्याआधी नीट समजून घ्या.

कॉलेजच्या जाहिरातीत "आरसीआय ॲप्रूव्ह्ड" लिहिलंय म्हणून विश्वास ठेवू नका. आरसीआयच्या साइटवर मान्य संस्थांची यादी असते, त्यात संस्थेचं नाव, नेमका कोर्स, मंजूर सीट्स आणि मान्यता कुठल्या वर्षापर्यंत आहे ते सगळं बघा. संस्थेला बी.एड. स्पेशलची, म्हणजे दिव्यांग मुलांच्या शिक्षकांच्या कोर्सची, मान्यता असली म्हणजे क्लिनिकलची असतेच असं नाही. मान्यता ठरावीक मुदतीची असते, तुमची बॅच तिच्यात बसली पाहिजे, आणि मंजूर सीट्सपेक्षा जास्त मुलं घेतली असतील तर वरची मुलं लटकतात. ऑफिसमध्ये मंजुरीचं पत्र दाखवा म्हणून मागा, लाजू नका. "प्रोसेसमध्ये आहे" असं उत्तर आलं तर त्या वर्षी थांबा असंच मी सांगेन, घरच्यांचा कितीही आग्रह असला तरी.

नोकरी सांभाळून डिस्टन्सने एम.ए. करायचा विचार असेल तर यूजीसीने जुलै-ऑगस्ट २०२५ च्या सत्रापासून सायकॉलॉजी ऑनलाइन आणि दूरशिक्षणाने शिकवणं बंद करायला सांगितलंय, म्हणजे तो दरवाजा आता नाही.

क्लिनिकलला जायचं नाही, काउन्सेलिंग करायचंय, त्यांच्यासाठी २०२१ चा अलाइड अँड हेल्थकेअर प्रोफेशन्सचा कायदा आहे. त्यात आरसीआयखालचे क्लिनिकलवाले सोडून बाकी सायकॉलॉजिस्ट येतात आणि राज्य परिषदेत रजिस्ट्रेशनची सोय आहे.

एन्ट्रन्स आणि इंटरव्ह्यूसाठी एकच सांगते, पुस्तक पाठ असतं पण पेशंटशी बोलता येत नाही ही मुलांची मोठी अडचण असते. ठाणे, येरवडा, नागपूर, रत्नागिरी इथे सरकारी प्रादेशिक मनोरुग्णालयं आहेत, एम.ए.ला असतानाच रीतसर परवानगी काढून तिथे किंवा जवळच्या हॉस्पिटलच्या मानसोपचार विभागात बसा. इंग्रजीत मेंटल स्टेटस एक्झामिनेशन, म्हणजे पेशंटच्या मनःस्थितीची तपासणी, तोंडपाठ असलेली मुलगी समोरच्या आजोबांना "हॅल्युसिनेशन होतात का" विचारते आणि ते नुसते बघत राहतात. "कोणी जवळ नसताना कानात आवाज येतात का, ते काय बोलतात" असं विचारलं की आजोबा बोलायला लागतात. "जीव घाबरा होतो", "डोकं जड वाटतं", "कशातच मन लागत नाही" हे पेशंट जसं म्हणतो तसंच केस हिस्टरीत त्याच्या शब्दांत लिहायची सवय लावून घ्या, पुढे कोर्समध्ये तेच करायचंय.

कोर्स संपला की नंबर आपोआप येत नाही, आरसीआयच्या पोर्टलवर अर्ज आपणच करायचा. इथे आपल्याकडची मुलं हमखास अडकतात ती नावात. दहावीच्या मार्कशीटवर आडनाव आधी, आधारवर नाव आधी, डिग्रीवर वडिलांचं नाव आहे तर कुठे नाही, आणि लग्नानंतर मुलींचं सगळंच बदललेलं. फायनल इयरलाच सगळी कागदपत्रं शेजारी शेजारी ठेवून नाव, स्पेलिंग, जन्मतारीख तपासा, नाव बदललं असेल तर राजपत्रातली नोंद आधीच करून ठेवा. नंबर हातात येईपर्यंत स्वतःच्या सहीचा रिपोर्ट देऊ नका, सुपरव्हायजरच्या हाताखाली काम करा.

रजिस्ट्रेशन पाच वर्षांचं असतं आणि रिन्यू करताना सीआरईचे, म्हणजे प्रॅक्टिस करताना चालू ठेवायच्या प्रशिक्षण कार्यक्रमांचे, १०० पॉइंट दाखवावे लागतात. कार्यक्रमाला आरसीआयची मान्यता आहे का ते पैसे भरण्याआधी बघा, आणि प्रत्येक सर्टिफिकेट मिळालं त्याच दिवशी स्कॅन करून एका फोल्डरमध्ये टाका, पाचव्या वर्षी शोधत बसावं लागत नाही.