डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जाण्याआधी एक पान लिहा

गेल्या वर्षी आमच्याकडे आठवड्यात दोनदा भातात खडा लागला. तांदूळ आई निवडते. वय ७६, पण तिच्या हातून असं कधी झालं नव्हतं. नौपाड्यातल्या एका दुकानात चष्म्याचा नंबर बदलून घेतला, चार महिन्यांनी पुन्हा बदलला. मोतीबिंदू असेल, वयच झालंय, असं म्हणत आम्ही थांबलो. चष्म्याचा नंबर काढणं वेगळं आणि डोळ्याच्या आत मागे असलेला पडदा तपासणं वेगळं, हे मला माहीतच नव्हतं. शेवटी थेंब घालून पडदा पाहिला, तेव्हा उजव्या डोळ्याच्या पडद्यावर मधोमध सूज निघाली, आईच्या शुगरमुळे, म्हणजे मधुमेहामुळे.

डॉक्टरांचा पहिला प्रश्न होता, "शुगर किती वर्षांपासून आहे?" मला सांगता आलं नाही. म्हणून सांगते, घरातल्या शुगरवाल्या माणसाला घेऊन जाण्याआधी वहीचं एक पान भरा.

सगळ्यात वर वर्ष लिहा. शुगर जितकी जुनी, तितका पडद्याला धोका जास्त. सगळ्या कारणांत हे मोठं. म्हाताऱ्या माणसांना साल आठवत नाही, पण प्रसंग आठवतो. आई म्हणाली, "अगं, माझी पिशवी काढायच्या आधी रक्त तपासलं ना, तेव्हा कळलं. धाकट्याची बारावी होती." म्हणजे २००१. उतारवयातली शुगर सापडते त्याच्या कितीतरी आधीपासून अंगात असू शकते, त्यामुळे ज्यांना ती आत्ता निघाली त्यांनीही पडदा लगेच तपासून घ्यायचा. दिसण्यात फरक पडेपर्यंत थांबायचं नाही. सुरुवातीला काहीच जाणवत नाही, दुखत तर अजिबात नाही.

त्याखाली तीन महिन्यांच्या सरासरी शुगरचे, म्हणजे एचबीए१सीचे, मागचे तीन-चार आकडे तारखेसकट लिहा. सकाळी बोट टोचून आलेला एकच आकडा पुरत नाही. शेजारी हिमोग्लोबिनही लिहा. रक्त कमी असणं पडद्याला वाईट, आणि त्याने एचबीए१सीचा आकडाही फसवा येऊ शकतो. शुगर खूप वाढलेली असताना इन्सुलिन सुरू करून ती झपाट्याने उतरवायची असेल, तर आधी डोळे दाखवा. अशा वेळी पडद्याचा आजार काही काळ वाढू शकतो. पण म्हणून औषध टाळायचं नाही. आणि सत्तरीपुढच्या माणसाची शुगर आपल्या मनाने फार खाली आणू नका, चक्कर येऊन पडण्याची भीती असते. किती ठेवायची ते डॉक्टरांनाच ठरवू द्या.

मग बीपी. शुगरने आधीच कमजोर झालेल्या बारीक रक्तवाहिन्यांवर वाढलेल्या बीपीचा दाब आला की त्या पाझरतात. आमच्या आईची चूक मला उशिरा कळली. संकष्टीला ती सकाळची गोळी घेत नव्हती, "उपास आहे" म्हणून. प्रत्येक घरात असं काहीतरी असतं, ते प्रेमाने विचारून काढा.

किडनीचे रिपोर्टही काढा. क्रिएटिनिन आणि लघवीतून प्रथिन जातंय का, ही तपासणी. किडनीतल्या आणि पडद्यातल्या बारीक वाहिन्या शुगरने सारख्याच बिघडतात, त्यामुळे एकीकडे बिघाड दिसला तर दुसरीकडे बघावंच लागतं. कोलेस्टेरॉल लिहा. विडी-सिगारेट लिहा, आणि मिश्रीही लपवू नका, तंबाखूच ती. चालू गोळ्यांची पाकिटं पिशवीत घालून न्या. पायोग्लिटाझोनसारख्या शुगरच्या एखाद्या गोळीने काहींची सूज वाढते, ते डॉक्टरच बघतील. मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं असेल तरी आधी पडदा तपासून घ्या, कारण ऑपरेशननंतर मधली सूज वाढू शकते. काचबिंदू असेल किंवा घरात कोणाला असेल, तर थेंब घालण्याआधीच सांगा.

तपासणीला उपाशी जायचं नाही. नेहमीचं खाणं, नेहमीच्या गोळ्या, पर्समध्ये बिस्किटं. बाहुल्या मोठ्या व्हायला अर्धा तास लागतो आणि नंतर काही तास धूसर दिसतं, ऊन सहन होत नाही. आई बाहेर आली तेव्हा गोखले रोडवरचा फूटपाथ कुठे संपतो ते तिला कळत नव्हतं, माझा दंड घट्ट धरून चालत होती. स्कूटर नको, रिक्षा करा, गॉगल न्या. निघताना विचारा: पडद्यावर काय दिसलं, मधोमध सूज आहे का, पुढची तपासणी कधी. सगळं ठीक असेल तरी साधारण वर्षातून एकदा जायचंच, आजार असेल तर त्याहून लवकर.

आईला आता डोळ्यात इंजेक्शनं चालू आहेत. रोज सकाळी ती चष्मा लावून गॅलरीसमोर बसते आणि एक डोळा तळहाताने झाकून ग्रिलचे उभे गज बघते, मग दुसरा. दोन्ही डोळे उघडे असले की चांगला डोळा वाईट डोळ्याची उणीव भरून काढतो, म्हणूनच आमच्या इतके दिवस लक्षात आलं नाही. गज वाकडे दिसू लागले, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता दाखवायचं. अचानक काळे ठिपके किंवा जाळी तरंगू लागली, नजरेसमोर बाजूने खिडकीचा पडदा ओढल्यासारखं झालं, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा, रविवार असला तरी.