जुन्या ८०० चे हेडलाईट: बल्ब विकत घ्यायच्या आधी या चुका टाळा

मारुती ८०० बनायची बंद झाली २०१४ ला, म्हणजे आज रस्त्यावर दिसणारी कुठलीही ८०० दहा वर्षांच्या वरचीच. तिचे हेडलाईट मरतुकडे लागतात हे मान्य. पण इलाज काय, तर सगळ्यांचा एकच, बल्ब बदला. अहो, बल्ब बऱ्याचदा ठणठणीत असतो, त्याच्यापर्यंत करंटच धड पोचत नसतो.

जास्त वॅटचा बल्ब टाकणे

हा लोकांचा सगळ्यात लाडका उद्योग. ८०० ला एच-४ बल्ब लागतो, ६०/५५ चा, म्हणजे अप्पर (लांबचा उजेड) ६० वॅट आणि डिपर (जवळचा) ५५. दुकानदार म्हणतो साहेब १००/९० टाका, फिटिंग तेच आहे. फिटिंग तेच आहे हो, पण वायर पण तीच जुनी आहे ना! या गाड्यांत हेडलाईटचा सगळा करंट स्टिअरिंगखालच्या स्विचमधून जातो, मधे रिले (छोट्या करंटवर मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच) नाही. दोन ६० चे दिवे म्हणजे साधारण १० अँपिअर, दोन १०० चे म्हणजे सोळा-सतरा.

माझ्या मेव्हण्याने नेमकं हेच केलं होतं. वर फ्यूज उडायला लागला म्हणून कुठल्यातरी मेकॅनिकने ३० अँपिअरचा फ्यूज ठोकून दिला होता. आता मला सांगा, फ्यूज वितळलाच नाही तर दुसरं कोण वितळणार? हा पठ्ठ्या भर जुलैत कोल्हापूरहून रत्नागिरीला निघाला, आंबा घाट उतरायला लागेपर्यंत अंधार पडलेला, धुकं, आणि याचं अप्पर चालू (धुक्यात अप्पर लावणाऱ्यांवर वेगळं लिहावं लागेल). वहिनी म्हणतायत काहीतरी जळल्याचा वास येतोय, तर हा म्हणे पुढच्या ट्रकचे ब्रेक तापले असतील. पुढच्याच वळणाला दोन्ही हेडलाईट गायब. मीटरचा दिवा मस्त चालू आणि समोर काळोख. शेवटी एक एसटी गाठून तिच्या मागच्या लाल दिव्यांवर नजर ठेवून कसाबसा साखरप्याला उतरला. आणि फोनवर मला काय सांगतो, "भावजी, बल्ब उडाले वाटतं." दोन्ही एकाच वेळी? स्टिअरिंगचं कव्हर खोललं तर स्विचच्या कप्लरमधलं (वायर जोडायच्या प्लगमधलं) पांढरं प्लास्टिक तपकिरी होऊन पिनांना चिकटलेलं, ओढला तर अर्धा कप्लर हातात आला.

स्विच नवा टाकला, बल्ब परत ६०/५५ चे, आणि रिले किट बसवलं. बॅटरीवरून जाड वायर, बॅटरीच्या अगदी जवळ फ्यूज, दोन रिले, एक अप्परला एक डिपरला. जुना कप्लर आता फक्त रिले ओढतो, लोड सगळा नव्या वायरवर. उजेड बघून मेव्हणा विचारतो, हे १०० चेच टाकले ना? मी काही बोललो नाही.

अर्थ (अर्थिंग) न तपासणे

हे माझं दुसरं दुखणं, कारण फुकटात होणारं काम कोणाला करायचंच नसतं. हॅलोजनला व्होल्टेज १० टक्के कमी मिळालं की उजेड जवळजवळ ३० टक्के पडतो, आणि हे व्होल्टेज बहुतेक वेळा गंजलेल्या अर्थमध्ये (म्हणजे दिव्याची निगेटिव्ह वायर बॉडीच्या पत्र्याला बोल्टने जोडलेली असते तिथे) आणि काळ्या पडलेल्या होल्डरमध्येच अडकलेलं असतं, कोकणातल्या खाऱ्या हवेत तर विचारूच नका. इंडिकेटर लावला की हेडलाईट पण लुकलुकतो किंवा डिपरवर असताना अप्परची तारही मंद लाल दिसते, तर डोळे झाकून अर्थ बघा. मी इंजिन आणि लाईट चालू ठेवून, कप्लर न काढता, मल्टीमीटरची काळी पिन बॅटरीच्या निगेटिव्हला आणि लाल पिन बल्बच्या अर्थच्या टोकाला मागून लावतो. आकडा शून्याच्या आसपास हवा. अर्धा व्होल्ट दिसला की बोल्ट खोला, पॉलिश पेपरने बॉडीचा पत्रा चमकेपर्यंत घासा, परत आवळा, वरून थोडं ग्रीस. होल्डर जळका असेल तर साफ करत बसू नका, नवा टाका.

एलईडी किट

रील बघून ऑनलाईन मागवलेलं, दहा मिनिटांत बसवलेलं आणि मग "भाऊ काय पांढरा उजेड पडतो!" पडतो ना, समोरच्याच्या डोळ्यात. एच-४ मध्ये डिपरच्या तारेखाली एक छोटी पत्र्याची वाटी असते, रिफ्लेक्टरचा आकार त्या तारेच्या जागेवर बेतलेला असतो. ती जागा जरा चुकली की उजेड कुठेही फेकला जातो. निळी काच लावलेले बल्बही त्याच माळेतले, निळा रंग उजेड खातो आणि ओल्या डांबरावर काही दिसत नाही.

बाकी थोडक्यात

बल्बच्या काचेला बोट लावू नका, लागलंच तर स्पिरिटने पुसा.

मागचं रबरी कव्हर "नंतर लावू" म्हणून डिकीत टाकू नका, एका पावसात आत पाणी.

रिफ्लेक्टर फडक्याने पुसायचा नाही, चंदेरी थर निघतो आणि मग अख्खा दिवाच बदलावा लागतो.

टूथपेस्टने पिवळं प्लास्टिक चमकतं, पण थोडेच दिवस. वरचा यूव्ही थर गेलेला असतो, तो परत मारल्याशिवाय काही टिकत नाही. पाणी लावून आधी १००० चा मग २००० चा पेपर, पॉलिश, वर यूव्ही क्लिअर कोट, अर्धा दिवस जातो. तेवढा धीर नसेल तर नवा दिवा घ्या, ८०० चा काही महाग नाही.

आणि दिवा बदलल्यावर सेटिंग न करता गाडी पळवायची नाही. हवा नीट भरा, सपाट जागी भिंतीपासून १० मीटरवर गाडी लावा, ड्रायव्हरच्या सीटवर कोणालातरी बसवा, डिपर लावा. उजेडाची वरची कड दिव्याच्या मध्यापेक्षा साधारण १० सेंटीमीटर खाली यायला हवी आणि डावीकडे ती थोडी वर चढलेली दिसली पाहिजे. उजवीकडे चढत असेल तर दिवा उजव्या बाजूने गाडी चालवणाऱ्या देशातला आहे, दुकानात परत द्या.