बुवांचं भजन घरी रेकॉर्ड करताय? सॉफ्टवेअर निवडताना या चुका टाळा

चतुर्थी महिन्यावर आली की मला फोन सुरू होतात. "दादा, घरीच भजन रेकॉर्ड करायचंय. कुठलं सॉफ्टवेअर घेऊ?" मी विचारतो, काय काय वाजणार आहे, लॅपटॉप कुठला, माइक किती? पलीकडे शांतता. मग उत्तर येतं, "ते बघू नंतर, आधी सॉफ्टवेअर सांगा."

पहिली चूक हीच. मी कुडाळात राहतो आणि माजघरात गोधड्या टांगून रेकॉर्डिंग करतो, त्यामुळे स्टुडिओवाल्यांची नाही, आपल्यासारख्यांची अडचण काय असते ते सांगतो.

मुंबईच्या मित्राकडे आहे, म्हणून घेतलं

मित्र लॉजिक प्रो वापरतो. ते फक्त अ‍ॅपलच्या मशीनवर चालतं. तुमच्याकडे विंडोजचा लॅपटॉप असेल तर विषयच संपला. मॅक किंवा आयफोन असेल तर गॅरेजबँड फुकट आहे, सुरुवात तिथून करा आणि वर्षभर पैसे काढू नका.

एफएल स्टुडिओची गोष्ट वेगळी. पोरांना ते आवडतं, कारण बीट झटपट तयार होते, आणि एकदा विकत घेतलं की पुढची अपडेट आयुष्यभर फुकट. पण त्याच्या आवृत्त्या वेगवेगळ्या आहेत. सर्वात स्वस्त फ्रूटी आवृत्ती सुरांची आणि ठेक्याची जुळवाजुळव करण्यासाठी आहे. माइकवरून आवाज घ्यायचा तर प्रोड्यूसर किंवा त्यावरची आवृत्ती लागते. आणि फुकट ट्रायलमध्ये प्रोजेक्ट सेव्ह होतो, पण बंद केल्यावर पुन्हा उघडता येत नाही. हे आधी वाचा, नाहीतर रात्रभर जागून केलेलं काम सकाळी कुलपात.

भजन, नमन, जाखडी म्हणजे खरी माणसं आणि खरी वाद्यं. त्यासाठी मी रीपर सुचवतो. जुन्या लॅपटॉपवर धावतं, 60 दिवस काही न कापता पूर्ण वापरता येतं आणि वैयक्तिक लायसन्स 60 डॉलरला आहे. दिसायला रुक्ष आहे, पहिले चार दिवस शिव्या घालाल, हेही आधीच सांगतो. नुसता एक आवाज घेऊन कापाकापी करायची असेल तर ऑडॅसिटी पुरे, तेही फुकट.

ट्रॅक मोजत बसणं

"प्रो टूल्स इंट्रो फुकट आहे, पण त्यात आठच ऑडिओ ट्रॅक!" अहो, ट्रॅक म्हणजे एकेका आवाजाची वेगळी ओळ, पण तुमच्या इंटरफेसला, म्हणजे माइक लॅपटॉपला जोडणाऱ्या डबीला, माइकची भोकं दोन. बुवा, पेटी, पखवाजाच्या दोन बाजू, झांज आणि कोरस एकदम घ्यायचं म्हटलं तरी एका वेळी दोनच वेगळे आवाज आत येणार. ट्रॅक अमर्याद असले म्हणून काय होणार? आधी इनपुट मोजा. दोनच असतील तर एक माइक बुवांना, दुसरा बाकीच्या मंडळींच्या मध्ये, आणि बसायच्या जागा हलवून समतोल साधा. पखवाज दोन हात मागे सरकवला की जे काम होतं ते कुठल्याही प्लगइनने (सॉफ्टवेअरला जोडायच्या छोट्या प्रोग्रॅमने) होत नाही.

आवाज उशिरा येतोय, म्हणून सॉफ्टवेअर बदललं

आमच्या एका बुवांनी हेडफोन काढून ठेवला. "माका माझोच आवाज मागसून आयकाक येता. बंद कर ता!" त्यांच्या पोराने तोवर तीन सॉफ्टवेअर टाकून बघितली होती. तिन्हीत तेच. दोष ड्रायव्हरचा (लॅपटॉप आणि इंटरफेसची बोलणी करून देणाऱ्या प्रोग्रॅमचा) आणि बफरचा (एका वेळी साठवून पुढे ढकलल्या जाणाऱ्या आवाजाच्या गठ्ठ्याचा) होता.

बफर 1024 सॅम्पल, म्हणजे आवाजाची तेवढी मोजमापं, असेल तर सेकंदाला 44,100 सॅम्पलच्या दराला आवाज आत यायलाच सुमारे 23 मिलिसेकंद लागतात, बाहेर पडायला साधारण पुन्हा तेवढेच. गाणारा गोंधळणारच. 128 केलं की ते 3 मिलिसेकंदांवर येतं. विंडोजवर इंटरफेसच्या कंपनीचा स्वतःचा एएसआयओ (आवाज कमी उशिराने पोचवणारा) ड्रायव्हर टाका आणि सॉफ्टवेअरच्या सेटिंगमध्ये तोच निवडा. कंपनीचा नसेल तरच एएसआयओ-फॉर-ऑल हा सर्वसाधारण ड्रायव्हर. रेकॉर्ड करताना बफर कमी, नंतर मिक्स करताना वाढवायचा. कमी केल्यावर तडतड आवाज आला तर लॅपटॉपला झेपत नाहीये, एक पायरी वर जा. इंटरफेसवर डायरेक्ट मॉनिटरचं (माइकचा आवाज लॅपटॉपमधून न फिरवता थेट हेडफोनमध्ये देणारं) बटण असेल तर ते दाबा, भांडण तिथेच मिटतं.

माझी स्वतःची फजिती

दोन वर्षांपूर्वी एक अभंग घेतला, काळी एकमध्ये, म्हणजे पेटीच्या पहिल्या काळ्या पट्टीच्या सुरात. घरी ऐकला, झकास. बुवांना फोनवर पाठवला. दहा मिनिटांत उत्तर: "ह्यो आवाज माझो नाय." खरंच नव्हता. आवाज पोरसवदा झाला होता आणि पाच मिनिटांचा अभंग 4 मिनिटं 36 सेकंदांत संपत होता. पेटी काढून पट्टी शोधली तर पांढरी दोन आणि काळी दोनच्या मधोमध, म्हणजे कुठेच नाही.

झालं असं होतं की इंटरफेस 44,100 वर चालत होता आणि प्रोजेक्ट 48,000 समजून बसला होता. त्याच इंटरफेसवरून ऐकताना चूक चुकीत मिळते, म्हणून घरी सगळं बरोबर. बाहेर गेल्यावर सगळं सुमारे नऊ टक्के जलद, आणि सूर दीड पट्टी वर. फाईलचा वेग 0.91875 केला, सूर धरून ठेवण्याचा पर्याय बंद ठेवला, आणि बुवा परत बुवा झाले. तेव्हापासून पहिला सूर घेण्याआधी दोन्हीकडचा आकडा बघतो. व्हिडिओ करायचा असेल तर दोन्हीकडे 48,000 ठेवा.

ग्रिडला डबलबारी बसवायला जाणं

सॉफ्टवेअर उघडलं की क्लिक (लय मोजणारी टिकटिक) 120 च्या लयीत चार-चार मोजत सुरू होते. ती बंद करा. डबलबारी, म्हणजे दोन बुवांचा भजनाचा सामना, संथ सुरू होते आणि गजराला कुठल्या कुठे जाते. क्लिक ठेवली की पखवाजवाला घाण्याच्या बैलासारखा वाजवतो. स्नॅपही बंद, नाहीतर काप देताना थाप ग्रिडकडे, म्हणजे मात्रांच्या आखलेल्या रेघांकडे, ओढली जाते. सात मात्रांच्या रूपक तालातलं काही एकावर एक थर रेकॉर्ड करून बांधायचं असेल तेव्हा मात्र माप सातचं करून क्लिक लावा, तिथे ती कामाला येते.

वीज आणि रिकामे ट्रॅक

पावसात वीज जाणारच. नवीन प्रोजेक्ट आधी नाव देऊन स्वतःच्या फोल्डरमध्ये सेव्ह करा, मग रेकॉर्डचं बटण. चार्ज असलेला लॅपटॉप बॅटरीवर चालवा. घरगुती वायरिंगची घूंऽऽ पण बहुतेकदा त्याने जाते.

क्रॅक केलेलं सॉफ्टवेअर नको. चोरी तर आहेच, शिवाय त्याच्यासोबत व्हायरस येतो आणि फुकटात इतकं मिळत असताना गरज काय?

शेवटचं, मुंबईला पाठवताना. प्रोजेक्टची फाईल म्हणजे गाणं नव्हे, ती फक्त कुठला आवाज कुठे आहे याची यादी. ती एकटी पाठवली तर समोरच्याला रिकामे ट्रॅक दिसतात, आणि त्याचं सॉफ्टवेअर वेगळं असेल तर उघडतही नाही. प्रत्येक ट्रॅक शून्य सेकंदापासून वेव्ह फाईल म्हणून काढा. मोनो ट्रॅक, 24 बिट, 48,000 म्हणजे मिनिटाला साधारण साडेआठ एमबी. व्हॉट्सअ‍ॅपवर डॉक्युमेंट म्हणून पाठवा, आणि नावं "ऑडिओ 1, ऑडिओ 2" ठेवू नका. "बुवा", "पेटी", "झांज" असं लिहा. तिकडे कुणी झांजेला बुवांचा रिव्हर्ब (घुमणारा परिणाम) लावला तर मला फोन करू नका.