अमेरिका-जपानचं संयुक्त निवेदन वाचायचं कसं?

पंतप्रधान आणि राष्ट्राध्यक्ष हस्तांदोलन करतात, फोटो निघतो आणि मागोमाग संयुक्त निवेदन येतं. बातम्यांत त्यातलं 'युती पूर्वीपेक्षा भक्कम' एवढंच उरतं. मी पोटापाण्यासाठी जपानी-इंग्रजी भाषांतरं करते, त्यामुळे मला हे कागद शेवटपर्यंत वाचावेच लागतात. खरं सांगायचं तर पहिली दोन-तीन निवेदनं मी डुलक्या घेत वाचली. आता तासाभरात उरकतं. ते कसं, ते सांगते.

निवेदनाला हात लावण्याआधी या युतीचा मूळ करार, म्हणजे अमेरिका-जपान सुरक्षा करार, वाचा. 19 जानेवारी 1960 ला वॉशिंग्टनमध्ये त्यावर सह्या झाल्या. जेमतेम दहा कलमं आहेत, एक कप चहा संपेपर्यंत होतात वाचून. त्याआधीच्या 1951 च्या करारात अमेरिकेला जपानमध्ये तळ मिळाले होते, पण जपानचं रक्षण करण्याची स्पष्ट हमी कुठेच नव्हती. ती हमी 1960 मध्ये आली. तरीही त्याच करारावरून तोक्योतले रस्ते माणसांनी भरले, आयझेनहॉवर यांचा दौरा रद्द झाला आणि पंतप्रधान किशी यांना पायउतार व्हावं लागलं. जपानी माणूस या सगळ्या प्रकरणाला नुसतं 'आन्पो', म्हणजे 'सुरक्षा', म्हणतो. घरातले आजी-आजोबा हा शब्द उच्चारतात तेव्हा त्यांना करार आठवत असतो की मोर्चे, हे विचारल्याशिवाय कळत नाही.

दहातली दोन कलमं पेन्सिलीने अधोरेखित करून ठेवा. पाचवं रक्षणाचं आणि सहावं तळांचं. सहाव्यानुसार जपान जागा देतो, आणि तीही फक्त स्वतःच्या सुरक्षेसाठी नाही, तर 'अतिपूर्वेच्या' शांततेसाठीसुद्धा. पाचव्यानुसार जपानच्या प्रशासनाखालच्या प्रदेशात दोघांपैकी कुणावरही हल्ला झाला, तर दोघं मिळून त्याला तोंड देणार. म्हणजे उद्या हवाईवर हल्ला झाला, तर पाचवं कलम जपानला बांधत नाही. सौदा असा तिरका आहे, आणि त्यावरून दोन्हीकडे कुरकुर चालूच असते.

'प्रशासनाखालच्या' या शब्दावर मी स्वतः आपटले आहे. पहिल्यांदा या विषयावर मराठीत लिहिलं तेव्हा मी बेधडक 'जपानच्या सार्वभौम प्रदेशात' असं लिहून मोकळी झाले. संपादकबाईंनी समासात लाल शाईने विचारलं, 'मूळ शब्द पाहिलास का?' जपानी प्रतीत 'शिसेई' आहे, म्हणजे प्रत्यक्ष कारभार. सेनकाकू बेटं जपानच्या कारभाराखाली आहेत आणि चीन त्यांच्यावर हक्क सांगतो. ही बेटं नक्की कुणाची, यावर अमेरिका मत देत नाही. पण पाचवं कलम त्यांना लागू आहे, असं ती म्हणते. राष्ट्राध्यक्ष असताना हे उघडपणे बोलणारे पहिले ओबामा, एप्रिल 2014 मध्ये. माझ्या एका शब्दाने अमेरिकेची ही सगळी कसरत पुसून टाकली होती. तेव्हा निवेदनात 'सेनकाकू' दिसलं की शेजारी पाचवं कलम आहे ना, हे आधी बघा. सहसा असतंच. एखाद्या वेळी नसलं, तर तीच बातमी.

आता मागचं निवेदन शेजारच्या खिडकीत उघडा आणि फरक शोधा. जे दरवेळी असतं, ते सोडून द्या. 'अढळ', 'आधारस्तंभ', 'मुक्त आणि खुला हिंद-प्रशांत' यांवर मी आता नजरही थांबवत नाही. नवा शब्द आला की मात्र थांबायचं. एप्रिल 2021 मध्ये सुगा आणि बायडन यांच्या निवेदनात तैवान सामुद्रधुनीचा उल्लेख आला. नेत्यांच्या पातळीवर तैवानचं नाव त्याआधी 1969 मध्ये आलं होतं, सातो-निक्सन यांच्या वेळी. एका शब्दाने मंत्रीसुद्धा जातो: मे 1981 मध्ये सुझुकी-रेगन निवेदनात 'दोमेई', म्हणजे युती, हा शब्द पहिल्यांदा आला. मायदेशी गदारोळ झाला. पंतप्रधान म्हणाले, त्यात लष्करी अर्थ नाही. परराष्ट्रमंत्री इतो यांनी राजीनामा दिला. आज तोच शब्द सकाळच्या बातम्यांत चार वेळा येतो आणि कुणी मान वर करत नाही.

सगळ्यात जास्त वेळ द्या तो हुकूम कोण देणार, या प्रश्नाला. वाचायला हा भाग सगळ्यात रटाळ, पण खरा बदल इथेच चाललाय. दक्षिण कोरियात दोन्ही सैन्यांची एक संयुक्त कमान आहे. जपानमध्ये तशी नाही, इथे दोन सैन्यं आणि दोन कमानी. तोक्योजवळच्या योकोता तळावर अमेरिकी सैन्याचं मुख्यालय आहे खरं, पण त्याचं काम बरंचसं तळांची देखरेख आणि जपान सरकारशी वाटाघाटी एवढंच राहिलं. मोहिमांची सूत्रं हवाईतून हलायची. हवाई तोक्योच्या 19 तास मागे. संकट आलंच, तर जपानी सेनापतीने फोन कुणाला करायचा? एप्रिल 2024 च्या बायडन-किशिदा निवेदनात ही व्यवस्था सुधारण्याचं वचन आलं. जुलैमध्ये तोक्योतल्या '2 अधिक 2' बैठकीत, म्हणजे दोन्हीकडचे परराष्ट्र आणि संरक्षणमंत्री एकत्र बसतात त्या बैठकीत, अमेरिकेने योकोताचं रूपांतर संयुक्त दलांच्या मुख्यालयात करायचं जाहीर केलं. मार्च 2025 मध्ये जपानने भूदल, नौदल आणि हवाई दल यांची एकत्र कमान तोक्योतल्या इचिगायात, संरक्षण मंत्रालयाच्या आवारात, सुरू केली. 'युती भक्कम'पेक्षा ही तीन वाक्यं जड आहेत. पुढचं निवेदन आलं की योकोताबद्दल क्रियापद कुठलं आहे ते पाहा: 'विचार करणार', 'सुरुवात केली' की 'पूर्ण झालं'?

पैशांसाठी निवेदनावर विसंबू नका, तिथे सगळं गोडगोड असतं. तळांच्या खर्चातला जपानचा वाटा 1978 पासून 'ओमोइयारी योसान' म्हणून ओळखला जातो. शब्दशः सहानुभूतीचं अंदाजपत्रक! सरकारने आता नाव बदललंय, लोकांनी नाही. 2022 ते 2026 या पाच आर्थिक वर्षांसाठी वर्षाला सरासरी सुमारे 211 अब्ज येन ठरले आहेत. डिसेंबर 2022 च्या संरक्षण आराखड्यातला 43 लाख कोटी येनचा पाच वर्षांचा आकडा वेगळा, तो जपानच्या स्वतःच्या सैन्याचा. दोन्हींची गल्लत फार होते.

शेवटी निवेदनाच्या तळाशी जा. ओकिनावा या दक्षिणेकडच्या बेटांचा परिच्छेद बहुधा तिथेच सापडतो. जपानच्या जमिनीपैकी 0.6 टक्के या बेटांवर आहे, आणि केवळ अमेरिकी सैन्याच्या वापरासाठी दिलेल्या जमिनीपैकी सुमारे 70 टक्के. तिथला फुतेन्माचा अमेरिकी हवाई तळ पाच ते सात वर्षांत परत द्यायचं 1996 मध्ये ठरलं होतं. विमानं अजून उडतात.

आणि तोक्योला कधी आलात, तर योकोसुका स्टेशनवर उतरा. बाहेर पडताच पाण्याकाठी व्हर्नी पार्क आहे, तिथे गुलाबाचे वाफे आहेत. बाकावर बसून समोर पाहा. पलीकडचा काठ अमेरिकी तळाचा, पण त्याला लागून उभ्या असलेल्या काळ्या, पाठीवर नंबर नसलेल्या पाणबुड्या जपानच्या आहेत. मी पहिल्यांदा गेले तेव्हा कुठला धक्का कुणाचा हे वहीत काढायला बसले आणि अर्ध्या तासाने नाद सोडला. विमानवाहू जहाज दिसेल या आशेने मात्र जाऊ नका. ते बरेचदा समुद्रावरच असतं.