राजगिरा: उशिराची पेरणी युरियाने भरून निघत नाही

राजगिऱ्याचं उत्पादन घटलं की पहिला संशय खतावर जातो. पण बऱ्याचदा मूळ दुखणं पेरणीच्या तारखेत असतं.

राजगिऱ्याचे बरेचसे वाण दिवस लहान होऊ लागले की फुलोऱ्याकडे वळतात. त्या सुमारास पेरणी केली तर झाड गुडघाभर असतानाच तुरा धरतं. पानं कमी, कणीस आखूड. अशा शेतात वाढीव युरिया टाकणं ही माझ्या मते सगळ्यात महागडी चूक. फुलोऱ्यात गेलेलं झाड पुन्हा फारसं वाढत नाही, आणि पिकाने न उचललेलं युरियातलं नत्र, म्हणजे नायट्रोजन, पाण्याबरोबर मुळांच्या खाली निघून जातं. उशीर झालाच तर लवकर येणारा वाण घ्या, ओळी जवळ घ्या आणि नत्राचा हात आखडता ठेवा.

घाईही नको. थंड जमिनीत उगवण रखडते. शिवाय लवकर पेरलेल्या पिकाला भरपूर नत्र दिलं की झाड डोक्याच्या वर जातं, खोड मऊ राहतं आणि कणीस भरताच पीक लोळतं. पक्वताही लांबते.

हिशोबात एक चूक फार दिसते. शिफारस नत्राची असते, युरियाची नव्हे. युरियात नत्र 46 टक्के. हेक्टरी 60 किलो नत्र द्यायचं तर सुमारे 130 किलो युरिया लागतो. 60 किलो युरिया टाकला तर पिकाला 28 किलोसुद्धा नत्र मिळत नाही. माती परीक्षण असेल तर मात्रा त्यावरूनच ठरवा.

सगळं नत्र पेरणीलाच देऊ नका. बी जेमतेम एक मिलिमीटरचं, रोपं सुरुवातीचे काही आठवडे हळू वाढतात. तोवर ते खत तण खातं. निम्मं पेरणीला आणि उरलेलं विरळणी (दाट रोपं उपटून कमी करणं) व खुरपणी झाल्यावर, साधारण महिन्याने, वापसा असताना, म्हणजे माती ओलसर पण चिखल नसताना द्या.

खालची पानं पिवळी पडली की लगेच नत्र कमी पडलं असं धरू नका. आधी मुळाशी माती उकरून बघा. पाणी साचलं असेल तर मुळांना हवा नाही, तिथे आधी चर काढून निचरा करा. माती मोकळी असून पिवळेपणा खालून वर चढत असेल आणि तुरा अजून निघालेला नसेल, तरच दुसरा हप्ता थोडा आधी द्या.