मुलाला त्याच वर्गात ठेवायचं का? ठरवण्याआधी ही कामं करा

ठाण्यात मी बरीच वर्षं दुसरीला शिकवलं. मार्च आला की एखादी आई वर्गाबाहेर थांबायची आणि हळूच विचारायची, "बाई, ह्याला याच वर्गात ठेवू का?" हा प्रश्न खरं तर दिवाळीच्या सुट्टीनंतर पडायला हवा. तेव्हा हातात चार-पाच महिने असतात.

आधी जन्मतारीख बघा. आपल्याकडे पहिलीसाठी ३१ डिसेंबरपर्यंत सहा वर्षं पूर्ण व्हावी लागतात. म्हणजे डिसेंबरचं मूल जूनमध्ये साडेपाचचं असतं आणि बाकावर शेजारी बसलेलं कदाचित साडेसहाचं. असं मूल अजून शिशुवर्गात असेल, तर पहिलीआधी एक वर्ष थांबायला माझी हरकत नाही. पहिलीनंतर मात्र मी दहा वेळा विचार करीन.

मग डोळे आणि कान तपासून घ्या. कळव्याचं छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय, वाशीचं पालिका रुग्णालय, जे जवळ पडेल ते. फळ्यावरचं चुकीचं उतरवणारी माझी एक विद्यार्थिनी चष्मा लागल्यावर महिन्याभरात सुधारली. तोवर तिला सगळे 'वेंधळी' म्हणत होते. त्यात मीही होते.

आता खरं काम. गाडी नेमकी कुठे अडली आहे ते घरी शोधा. बालभारतीचं मागच्या इयत्तेचं पुस्तक घ्या, न वाचलेला धडा उघडा आणि पाच ओळी वाचायला सांगा. जोडाक्षराला अडखळतो की साध्या काना-मात्रेला? भ-म, घ-ध यांत गोंधळतो का? वाचून झाल्यावर पुस्तक मिटा आणि 'काय झालं गोष्टीत?' विचारा. गणितात हातच्याची वजाबाकी द्या. चुकली तर मण्यांचे दशक-सुटे करायला लावा. आठवडाभर रोज पंधरा मिनिटं, न ओरडता, आणि चुका वहीत टिपून ठेवा. बहुतेकदा असं दिसतं की दुसरीतलं मूल पहिलीच्या काना-मात्रेवर अडलेलं असतं. त्याला पुन्हा दुसरीत बसवून काय होणार? दुसरीत काना-मात्रा कुणी पहिल्यापासून शिकवत नाही. त्याला रोज अर्धा तास कुणीतरी शेजारी बसून शिकवणारं हवं, आणि ते तिसरीत जाऊनही जमतं. मेहनत घेऊनही अक्षरं उलटसुलटच होत राहिली, तर बालरोगतज्ज्ञांशी बोला. अध्ययन अक्षमतेचं पक्कं निदान सहसा आठव्या वर्षाच्या आसपास करतात, पण मदत त्याआधीच सुरू करता येते.

शाळाच 'ठेवून घेऊ' म्हणत असेल तर कायदा माहीत असू द्या. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १६ नुसार आठवीपर्यंत मुलाला मागे ठेवता येत नव्हतं. २०१९ च्या दुरुस्तीने राज्यांना पाचवी आणि आठवीत तशी मुभा दिली, आणि महाराष्ट्राने २०२३ मध्ये ती स्वीकारली. तिथेही आधी फेरपरीक्षा द्यावी लागते. पहिली ते चौथीत शाळा आपणहून मागे ठेवू शकत नाही. म्हणूनच 'पालकांच्या विनंतीवरून' असा छापील कागद पुढे येतो. वाचल्याशिवाय सही करू नका.

बाईंना एकच प्रश्न विचारा: पुढच्या वर्षी याच वर्गात याच्यासाठी वेगळं काय कराल? उत्तर 'तेच, पण सराव होईल' असं आलं, तर नाही म्हणा. धाकटं भावंड एक इयत्ता मागे असेल तरीही नाही म्हणा; दोघं एका वर्गात आली की थोरल्याचं काय होतं ते मी पाहिलं आहे.

एवढं करूनही थांबायचं ठरलं, तर मुलाला ते तुमच्याच तोंडून कळू दे, व्हॅनमधल्या पोरांकडून नको. मे महिन्यातच सांगा. शक्य असेल तर तुकडी बदलून मागा. आणि सोसायटीत कुणी 'का रे, नापास झालास का?' विचारलंच, तर काय म्हणायचं ते दोघं मिळून आधीच ठरवून ठेवा. आमच्या एका पठ्ठ्याने स्वतःच उत्तर शोधलं होतं: "नाही काकू, मी लवकर शाळेत गेलो होतो."