कोड लिहिताना गाणी ऐकावीत का?

प्रोग्रामिंग शिकायला लागलेली मुलं हा प्रश्न हमखास विचारतात. माझं उत्तर ठरलेलं आहे: हात चालत असतील तर खुशाल ऐका, डोकं चालवायचं असेल तर बंद करा.

कोड समजून घेताना आपण सतत मनातल्या मनात पुटपुटत असतो. ‘इथे आय तीन झाला, म्हणजे लूप अजून दोनदा फिरणार.’ (लूप म्हणजे पुन्हा पुन्हा चालणारा कोडचा तुकडा, आय म्हणजे त्याच्या फेऱ्या मोजणारा आकडा.) अ‍ॅलन बॅडली आणि ग्रॅहम हिच या मानसशास्त्रज्ञांनी १९७४ मध्ये वर्किंग मेमरीचं, म्हणजे हातातल्या कामापुरतं लक्षात ठेवणाऱ्या स्मृतीचं, जे मॉडेल मांडलं, त्यात या पुटपुटण्याला स्वतंत्र जागा आहे. कानावर पडणारे शब्द नेमके तिथेच घुसतात, आपण लक्ष दिलं नाही तरी. न कळणाऱ्या भाषेतली गाणी लावली की प्रश्न सुटला, असं पुष्कळांना वाटतं. पण कॉल आणि वेल्श या संशोधकांच्या १९७६ च्या प्रयोगात अनोळखी भाषेतल्या बोलण्यानेही लोकांच्या लक्षात ठेवण्यात अडथळा आलाच.

मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो तो कॉर्नेल विद्यापीठातला १९६० च्या दशकातला प्रयोग. सॉफ्टवेअरच्या कामाबद्दल लिहिणाऱ्या टॉम डीमार्को आणि टिमथी लिस्टर यांनी तो पुढे सांगितला. विद्यार्थ्यांचे दोन गट, एक शांत खोलीत, दुसरा हेडफोनवर संगीत ऐकत. दोघांना फोरट्रान या जुन्या प्रोग्रामिंग भाषेत एकच प्रोग्राम लिहायला दिला. वेग आणि अचूकता जवळपास सारखीच निघाली. गंमत पुढे आहे. दिलेल्या आकड्यांवर एवढ्या सगळ्या क्रिया करून शेवटी मूळ आकडाच परत येत होता, म्हणजे गणित करायची गरजच नव्हती. हे ज्यांच्या लक्षात आलं, त्यातले बहुतेक शांत खोलीतले होते. रोजच्या कामात अशी पळवाट दिसणं फार मोलाचं असतं आणि ती हुकली तर हुकल्याचं कळतसुद्धा नाही.

याचा अर्थ संगीत वाईट, असा मुळीच नाही. संशोधक तेरेसा लेसियुक यांनी कॅनडातल्या ५६ सॉफ्टवेअर डेव्हलपरांचा अभ्यास २००५ मध्ये प्रसिद्ध केला. संगीत काढून घेतलं तेव्हा त्यांचा उत्साह आणि कामाचा दर्जा घसरला, वेळही जास्त लागला. मन प्रसन्न असेल तर काम पुढे सरकतं, हा माझाही अनुभव आहे.

म्हणून कोड तपासणाऱ्या टेस्ट लिहिताना, कोडमधली नावं बदलताना, फॉर्मला फील्ड जोडताना मी गाणी लावतो. बग शोधताना, दुसऱ्याचा कोड वाचताना, मर्ज कॉन्फ्लिक्ट (एकाच ओळीत दोघांनी केलेले वेगवेगळे बदल) सोडवताना हेडफोन बाजूला. एकच ओळ तिसऱ्यांदा वाचतोय असं जाणवलं, की लगेच पॉज. ऐकायचंच तर पाठ झालेला, शब्द नसलेला एखादा अल्बम सुरुवातीपासून शेवटपर्यंत लावून द्यावा. पुढचं गाणं निवडत बसण्यात लक्ष विस्कटतं. ज्यांचा कान संगीतात तयार आहे त्यांनी मात्र वाद्यसंगीतापासूनही जपावं, ते सूर मोजत बसतात.

शेजारी कोणी फोनवर बोलत असेल तर शांतता मिळणारच नाही. अशा वेळी पावसाचा संथ आवाज बरा, बोलणं झाकलं जातं. आवाज बेताचाच ठेवा: जागतिक आरोग्य संघटनेच्या मते ८० डेसिबल आठवड्याला ४० तासांपर्यंत सुरक्षित आहे, आणि दिवसभर हेडफोन लावून बसणाऱ्याचे ४० तास शुक्रवारपर्यंत सहज भरतात.